एका सकाळपुरता टर्की

आमच्या कोल्ड फोर्कमध्ये एप्रिल उजाडला की माणसं एकमेकांना ‘कसा आहेस’ असं विचारत नाहीत. ‘बोलला का?’ असं विचारतात. कोण बोलला, कुठे बोलला, हे सांगावं लागत नाही. पहाटे झाडावर झोपलेला रानटर्कीचा नर जागा होतो, गळ्यात गोट्या घोळवल्यासारखा एकदा ओरडतो, आणि तेवढ्यावर आमच्याकडची कर्तीसवरती, वेळेवर कर भरणारी माणसं पानापानांचे कपडे चढवून झुडपात जाऊन बसतात आणि मादीचा आवाज काढू लागतात. भुलून नर जवळ आला की त्याला गोळी घालायची. प्रेमप्रकरण इतक्या स्वच्छपणे मिटवण्याची पद्धत मला दुसरी माहीत नाही.

त्या वर्षी मात्र कोणी बोलायलाच तयार नव्हता. हंगाम उघडून आठवडा होऊन गेला होता. पूर्वेचा वारा पडत नव्हता, डॉगवुडची फुलं रुसल्यासारखी उशिरा आली होती आणि रान एखाद्या सरकारी कचेरीसारखं गप्प होतं. मॅव्हिसच्या हॉटेलात रोज दुपारी हात हलवत परतलेली मंडळी पावासारखी मऊ बिस्किटं आणि पिठाची पांढरी ग्रेव्ही पुढ्यात घेऊन कारणमीमांसा करीत.

“वारा,” डॉयल न्हावी म्हणायचा. “पूर्वेच्या वाऱ्यात माझं गिऱ्हाईकसुद्धा बोलत नाही.”

“वारा नाही, माद्या,” पाद्री मर्ल म्हणायचे. “ज्याच्या घरी चौघीजणी आहेत, तो रस्त्यावर उभा राहून हाका कशाला मारेल? त्या अंड्यांवर बसल्या की येईल बरोबर वाटेवर.”

पाद्रीबुवांना या विषयात इतकी गती कुठून आली, हे विचारण्याचं धाडस कोणी केलं नाही. पेंडीच्या दुकानाची मालकीण ओपल शिकारीत या दोघांच्याही वरचढ. ती कॉफीत साखर ढवळत म्हणायची, “टर्की बोलतायत रे. तुम्ही बहिरे झालायत.”

खरं म्हणजे मला याचं काही सोयरसुतक नव्हतं. मी निवृत्त औषधविक्रेता. जन्मात टर्की मारलेला नाही. नोव्हेंबरातल्या सणाला लागतो तो मी दुकानातून आणतो. सोललेला, पिशवीत घातलेला आणि अबोल. पण माणसाला सासरा असतो.

माझे सासरे एल्डन प्रुइट. वय ब्याऐंशी. गावाबाहेर त्यांचं चाळीस एकरांचं रान आहे आणि त्यात ते एकटे राहतात. टर्कीला हाक मारण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. घोड्याच्या नालेच्या आकाराची इवलीशी रबरी शिट्टी टाळूला चिकटवून ते मादीचा असा काही आवाज काढीत, की नर दोन टेकड्या आणि एक ओढा ओलांडून येई. पण त्या हिवाळ्यात दंतवैद्याने त्यांचे उरलेसुरले दात काढून कवळी बसवली. हंगामाच्या पहिल्याच पहाटे त्यांनी शिट्टी फुंकली तेव्हा शिट्टी आणि वरची कवळी अशी दोन्ही एकदम बाहेर येऊन पाचोळ्यात पडली. शिट्टी चटकन सापडली. कवळी शोधण्यात सकाळ गेली.

रविवारी जेवायला आले तेव्हा ताटात नुसता काटा फिरवत बसले होते. मग एकाएकी म्हणाले, “हंगाम संपेपर्यंत एक जरी नर माझ्या हाकेला आला तर ठीक. नाहीतर जमीन विकतो.”

माझी बायको डार्लीन चपापली. “कोणाला, बाबा?”

“तो स्प्रिंगफील्डचा माणूस सारखा फोन करतोय. पत्र्याच्या खोल्या बांधून भाड्याने देणार म्हणे. लोकांना घरात न मावणारं सामान ठेवायला.”

“आणि तुम्ही कुठे राहणार?”

“मी? मीही घरात न मावणारं सामानच. तुमची मागची खोली आहे की.” मग माझ्याकडे वळून, “जावईबापू, त्या खोलीला दक्षिणेची खिडकी आहे ना?”

मागची खोली माझी आहे. माझी आरामखुर्ची, माझा रेडिओ आणि काड्यापेटीच्या काड्यांचं अर्धवट जहाज हे सगळं तिथे नांदतं. सासऱ्यांबद्दल मला आदर आहे, आणि तो टिकण्यात आमच्या दोन घरांमधल्या अंतराचा मोठा वाटा आहे. पण खोलीचंच दुःख होतं असं म्हटलं तर मी स्वतःवर अन्याय करीन. जेवण झाल्यावर ते खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते. खिडकीबाहेर आमच्या शेजाऱ्याच्या गॅरेजची भिंत आहे. ज्या माणसाने साठ वसंत रानात काढले, तो त्या भिंतीकडे सवय करून घेतल्यासारखा बघत होता. ते मला बघवेना.

माझं निदान साधं होतं. बाबांना एक डोस हवा होता. पलीकडच्या उतारावरून एकदाच, लांबून, नराचा आवाज कानावर पडला की झालं. उमेद येईल, उमेदीने हाक निघेल, मग खरा नर काय, कधीतरी येईलच.

आता टर्कीचा आवाज काढायचा कसा? इथे माझा धंदा कामी आला. चाळीस वर्षं मी दुकानाच्या गल्ल्यामागे उभा राहून गिऱ्हाइकांना गुळण्या करून दाखवल्या आहेत. कोमट पाणी, चिमूटभर मीठ, मान मागे, आणि घशातून वर चढत जाणारी लय. गॅरेजचं दार लावून मी पहिली गुळणी केली आणि शेजारचा कुत्रा ताडकन उठून भुंकू लागला. मला स्वतःलाच भरून आलं.

पण आमच्या गावात गॅरेजचं दार लावून काही करता येत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हॅटी व्हान्सबाई कुंपणावरून म्हणाल्या, “वेंडेल, घसा धरलाय ना? माझ्या नवऱ्याचाही असाच वाजायचा. मग तो गेला.” त्यांनी मध दिला. पलीकडच्यांनी कांद्याचा रस पाठवला. डॉयलने निरोप धाडला की लोकरीचा मोजा गळ्याला बांध, मात्र वापरलेला हवा. आणि रविवारी पाद्रीबुवांनी भर चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना सांगताना दोन हृदयविकार आणि एक मोडलेला खुबा यांच्या मध्ये माझा घसा घातला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. देवाला माझ्याबद्दल काय वाटलं असेल, ते त्यालाच माहीत.

मी कायद्याचा माणूस असल्यामुळे वन्यजीव खात्यालाही फोन केला.

“टर्कीच्या हंगामात रानात बसायला परवाना लागतो का?” मी विचारलं.

“बंदूक नेणार?” पलीकडून एका बाईंनी विचारलं.

“नाही.”

“टर्कीला हाक मारणार?”

“तसं नाही. उलट.”

“उलट म्हणजे?”

“म्हणजे… टर्कीच्या बाजूने.”

बाईंनी ‘एक मिनिट हं’ म्हटलं. मग त्यांनी मला दुसऱ्या टेबलाकडे दिलं. तिथल्या गृहस्थाला वाटलं की मी शिकारीच्या विरोधातला कार्यकर्ता आहे. त्यांनी मला तिसऱ्या टेबलाकडे दिलं. तिसऱ्याने माझं ऐकून न घेता सुरक्षिततेचे नियम वाचून दाखवले. लाल, पांढरं आणि निळं अंगावर घालू नका, कारण नराचं डोकं नेमकं त्याच तीन रंगांचं असतं. नराचा आवाज काढू नका. एखादा शिकारी जवळ येताना दिसला तर हलू नका, खणखणीत आवाजात ‘मी माणूस आहे’ असं सांगा. शेवटी ते म्हणाले, “आणखी काही शंका?” मी म्हणालो, “नाही. सगळ्या फिटल्या.”

तरीही मी गेलो. हात दाखवून अवलक्षण करून घेण्यात आमच्या घराण्याला तोड नाही.

मंगळवारी वारा पडला. उजाडायच्या आत मी बाबांच्या रानाच्या वरच्या कडेला, कुंपणापासून हाकेच्या अंतरावर, एका सीडरच्या झुडपात शिरलो. बाबा खाली ओढ्याशी बसतात हे मला ठाऊक होतं. कुंपणापलीकडे सरकारी जंगल. पूर्वेला फटफटलं तशी मी बाटलीतून घोट घेतला, मान मागे टाकली आणि जीव ओतून गुळणी केली.

आवाज दरीत उतरला, पलीकडच्या टेकडीवर आपटला आणि सुधारून परत आला. मी पाणी थुंकलो. काम फत्ते. घरी जाऊन डार्लीनच्या हातची अंडी खायची, एवढंच उरलं होतं.

एवढ्यात कुंपणाकडून घुबड बोललं. घुबडाच्या आवाजाला नर चिडून ओरडतो, म्हणून आमच्याकडे शिकारी घुबड होतात. हे घुबड मात्र बोलून झाल्यावर डॉयलसारखं खोकलं. पाठोपाठ उत्तरेकडून लाकडी पेटीचं झाकण घासून काढलेला मादीचा केकाटा आला. असा सुरात वर जाणारा, उपदेशपर केकाटा पाद्रीबुवांचाच. आणि उजवीकडून पाटीवर काडी घासल्याचा बारीक, लाघवी आवाज. ती ओपल.

मी हिशेबात एक गोष्ट धरली नव्हती. दोन आठवडे गाव उपाशी होतं. एका गुळणीसरशी ते सरकारी जंगलातून कुंपणाशी गोळा झालं आणि माझ्यावर प्रेम करू लागलं.

मी उठलो नाही. उठलो तर तीन नळ्या माझ्या दिशेला असणार. ‘मी माणूस आहे’ असं खणखणीत ओरडावं, तर ते खाली बाबांना ऐकू जाणार. ज्या एका आवाजावर म्हाताऱ्याची उमेद उभी राहिली असेल, तो आवाज जावयाचा निघाला हे कळलं की संध्याकाळच्या आत स्प्रिंगफील्डला फोन. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे सीडर. वाचण्याचा मार्ग एकच होता. दुपारी एकला कायद्याने बंदुका खाली ठेवाव्या लागतात. तोपर्यंत बसून राहायचं.

बसून राहणं सोपं असतं असा माझा समज होता. सूर्य वर आला तसा सीडरचा पराग नाकात गेला. खिशातून रुमाल काढला तर पांढरा. परत ठेवला. डोक्यावरची टोपी निळी आहे हे लक्षात आलं म्हणून ती काढून मांडीखाली घातली. मग टक्कल उन्हात पडलं आणि मला जाणीव झाली की ते आता हळूहळू लाल होणार. उजव्या पायावर एक गोचीड चढत होती. ती गुडघ्यापर्यंत आली, थांबली, जागा पसंत नसल्यासारखी पुढे निघाली. मी तिच्याकडे बघत राहिलो. माणसाची प्रतिष्ठा त्याच्या हुद्द्यात असते असं म्हणतात ते खोटं आहे. ती हलता येण्यात असते.

आणि मला शिंक आली. ती मी दाबली. दाबलेली शिंक घशात उतरली, तिथल्या उरल्यासुरल्या पाण्यात घुमली आणि तोंडातून बाहेर पडली ती आतापर्यंतची माझी सर्वोत्तम हाक होऊन.

कुंपणाशी वेड लागल्यासारखं झालं. पेटी, पाटी, घुबड, सगळे एकदम. डॉयल तर तारेखालून मुंडकं इकडे घालून बघत होता. परक्याच्या जमिनीत शिरायचं नाही, हा नियम त्याच्या मानेपर्यंतच लागू होता.

तेव्हा खालून एक हाक आली.

ती पेटीची नव्हती, पाटीची नव्हती, शिट्टीचीही नव्हती. मऊ, किंचित घोगरी, घाई नसलेली. दोनदा विचारलं आणि थांबली. मी शपथेवर सांगतो, मी पस्तीस वर्षं संसार केलेला माणूस आहे, पण त्या हाकेला उत्तर द्यावंसं वाटलं. खरीखुरी मादी, मी म्हटलं. आता खरा नर येणार आणि मला चोची मारणार.

हाक जवळ येत गेली. मग झाडांमधून काहीतरी नारिंगी दिसलं. बाबा होते. डोक्यावर हरणांच्या हंगामातली भडक नारिंगी टोपी, जी घालून टर्कीच्या शिकारीला जाणं म्हणजे ढोल वाजवत चोरी करायला जाणं. काठी टेकत, बंदूक खांद्याला अडकवून ते चढ चढले आणि माझ्या सीडरच्या आणि कुंपणाच्या बरोबर मधल्या मोठ्या ओकच्या खोडाला पाठ लावून बसले. तोंड कुंपणाकडे. सगळ्यांना दिसतील असे. म्हातारा भ्रमिष्ट झाला, आणि तो माझ्या गुळणीने.

मग त्यांनी गाल आत ओढले, आणि ती हाक त्यांच्या तोंडातून निघाली. तोंडात कवळी नव्हती, शिट्टी नव्हती. बोळकं नुसतं.

कुंपणाकडची पेटी थांबली. पाटी थांबली. आमच्याकडे एक रीत आहे, ती कुठल्याही नियमात लिहिलेली नाही: एखादा माणूस एखाद्या पक्ष्याशी बोलत असेल तर दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. डॉयलने मुंडकं काढून घेतलं. बाबा बोलत राहिले. थांबून थांबून, सगळी सकाळ. ते बोलले की मी काय करायचं हा मला मोठा प्रश्न होता. बाटलीत तीन घोट उरले होते. गप्प बसावं तर त्यांना वाटणार, नर गेला. मी घोट घेतला आणि उत्तर दिलं. त्यांचे खांदे हलले. मला वाटलं, भावना अनावर झाल्या.

एक वाजला. कुंपणाशी बंदुका रिकाम्या केल्याचे आवाज आले. “एल्डन, लेका, थोडक्यात गेला!” डॉयल ओरडला. “मॅव्हिसकडे ये!” आणि पाचोळा तुडवीत तिघं गेले.

बाबांनी काडतुसं काढली. मान न वळवता म्हणाले, “या बाहेर, जावईबापू. आता तुम्हाला कायद्याचं संरक्षण आहे.”

मी चार पायांवर बाहेर आलो. दोन पायांचा प्रयत्न करून पाहिला होता, जमला नाही.

“तुम्हाला कधी कळलं, बाबा?”

“पहिल्या हाकेला. टर्की ओरडून झाल्यावर थुंकत नाही.”

“मग इतका वेळ तुम्ही—”

“कुंपणावर तीन बंदुका, त्यातला एक न्हावी. माझ्या मुलीला विधवा करून मागच्या खोलीत काय तोंड घेऊन राहायला येऊ? कवळी घालून हाक निघेना, म्हणून ती खिशात टाकली आणि तोंडाला येईल ते बोलत सुटलो.” मग जरा थांबून, खालच्या आवाजात, “बरं आलं का?”

मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला.

ओकच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत तो उभा होता. खरा. शेपटीचा पंखा पसरलेला, छातीवरून लोंबणारी केसांसारखी दाढी जमिनीला टेकायच्या बेतात, पिसांवर ऊन तांब्यासारखं. माद्या त्याला सोडून अंड्यांवर गेल्या होत्या आणि तो सकाळभर ऐकलेल्या हाकेचा पत्ता शोधत आला होता. बाबांनी गाल आत ओढले आणि अगदी हळू विचारलं. तो ओरडला. इतक्या जवळून, की माझ्या छातीत घुमलं. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तो बाबांच्या पावलांपर्यंत आला, पंखा मिटला, उघडला, आणि मादी न सापडल्यामुळे थोडा अपमानित होऊन उताराने निघून गेला. बंदूक मांडीवर रिकामी होती. बाबांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

मॅव्हिसकडे गेलो तेव्हा सगळे जमलेलेच होते.

“आला होता,” बाबा बसता बसता म्हणाले. “एक वाजून गेल्यावर.”

हॉटेल हसलं. आमच्याकडे ज्याचा त्याचा टर्की एक वाजून गेल्यावरच येतो. “माझा तर सोमवारी दोनला आला,” डॉयल म्हणाला. “कॉफी मागितली.”

“कोणी पाहिला, एल्डन?” पाद्रीबुवांनी मायेने विचारलं. मायेने विचारलं हेच वाईट होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चमचा कपात फिरवत राहिले. त्यांच्या कपात साखर नव्हती, दूध नव्हतं. ढवळायला काही नव्हतं. त्यांनी मला गुंतवायचं नाही असं ठरवलं होतं, हे मला कळलं. त्यांनी मान खाली घातली आणि एकदम ब्याऐंशी वर्षांचे दिसू लागले.

मी उभा राहिलो. “मी पाहिला,” म्हणालो.

“तू? तू कुठे होतास?”

आणि मी सांगितलं. मीठ, गुळणी, सीडर, रुमाल, गोचीड, सगळं. मध्येच मॅव्हिसने स्टोव्ह बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं.

पहिल्यांदा डॉयलला कंठ फुटला. “म्हणजे मी सकाळभर औषधवाल्याला गळ घालत होतो?”

“बराचसा पटत आला होता तो तुला,” ओपल म्हणाली.

“आणि मी त्या घशासाठी प्रार्थना केली,” पाद्रीबुवा पुटपुटले. “फळली म्हणायची.”

मग खूप वेळ कोणाला बोलता आलं नाही, इतके हसत होते. मी बसलो. टक्कल भाजलं होतं आणि कान त्याहून लाल झाले होते. हशा ओसरल्यावर डॉयलने डोळे पुसले आणि बाबांकडे वळून वेगळ्याच आवाजात म्हणाला, “म्हणजे खरंच आला. एवढी अब्रू घालवून कोणी खोटं बोलत नाही. एल्डन, काहीच न वापरता? नुसत्या तोंडाने?”

“किती जवळ आला?” ओपलने खुर्ची पुढे ओढली. “नीट पहिल्यापासून सांग.”

बाबांनी पहिल्यापासून सांगितलं. मधे दोनदा हाक काढून दाखवली, तेव्हा हॉटेलात चिडीचूप झालं. सांगता सांगता त्यांनी माझ्या बशीतलं बिस्किट उचलून ग्रेव्हीत बुडवून खाल्लं, आणि मी बशीच त्यांच्याकडे सरकवली.

तेवढ्यात मॅव्हिसने फोनचा रिसीव्हर तार ताणून पुढे केला. “एल्डन, स्प्रिंगफील्डहून. घरी सापडला नाहीस म्हणून इथे केला म्हणतो.”

बाबांनी तो कानाला लावला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, “नाही, विकायची नाही… नाही, पैशाचं काही नाही. त्या जमिनीवर एकाशी माझं बोलणं चाललंय, आणि ते अजून व्हायचंय.”